लांब बाह्या
कैरोच्या उकाड्यात भावजय इन्साफ लांब बाह्या घालून आली, ते समीहाला झोंबलं. निवृत्तीची पुंजी समीहानं बँकेत ठेवली होती, इन्साफनं आपल्या पुंजीच्या सोन्याच्या सहा बांगड्या केल्या होत्या. मग इजिप्तचा पौंड गडगडला, सोनं तिप्पट झालं आणि समीहाचं व्याज मटणालाही पुरेना. त्या बांगड्या तिच्या स्वप्नातही वाजत. टेबलाशी बसून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडतानाही इन्साफनं बाह्या वर सारल्या नाहीत. “माझी दृष्ट लागेल म्हणून झाकतेस होय गं?” समीहानं विचारलंच. इन्साफनं बाह्या वर केल्या. मनगटं मोकळी होती. “पोराच्या घरासाठी विकल्या, वन्सं, भाव चढायच्या आधीच. आता तुमचाच हेवा वाटतो. थोडं का होईना, महिन्याच्या महिन्याला व्याज येतं.” समीहाला गहिवरून आलं. तिनं एका हातानं इन्साफला जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं टेबलाखाली पसरून तिची दृष्ट परतवली.