राजाचं चिलखत

उद्या विधवा राणीचं सेनापतीशी लग्न होतं. रीतीप्रमाणे नवरदेवाने आधीच्या राजाचं चिलखत घालायचं, म्हणून ते दुरुस्तीला राणीच्या बालमैत्रिणीकडे, लोहारणीकडे आलं. कड्यांत सुकलेलं रक्त वाळूने घासता घासता तिचा हात थबकला. छातीवर साधा ओरखडाही नव्हता. पाठीत मात्र खंजीर शिरेल एवढं भोक होतं.

चिलखत काखोटीला मारून ती तडक राणीच्या दालनात शिरली. "महाराज शत्रूशी लढताना पडले म्हणे! अगं, त्यांची पाठ राखायला तर हा तुझा नवरदेवच होता ना?"

राणीने दार लावून घेतलं. "ठाऊक आहे मला. भोक बुजवू नकोस, वरून नुसती मखमल शिव."

"का गं?"



"उद्या मिठीत घेतल्यावर माझ्या हाताला सापडायला हवं."