बिनबाह्यांचा निळा

आसुंतानं दोन्ही हात वर केले आणि काखेतली शिवण करकरली.

"हा नाही," ती म्हणाली.

"अगं, कमरेत बघ कसा बसलाय. तुझ्यासाठीच बेतल्यासारखा!" बेर्ता म्हणाली. दुकान बेर्ताचं. मडगावात चर्चच्या मागच्या गल्लीतलं; एक आरसा, एक पडदा आणि दांडीवर टांगलेले उन्हाळ्याचे सगळे रंग.

"कमरेनं गाणं चालवता येत नाही, बेर्ता. हातांनी चालवावं लागतं."

रविवारी क्रुसाचं फेस्त होतं. गावातले गाणारे चॅपेलसमोरच्या मांडवात उभे राहणार होते, आणि त्यांच्यापुढे, जिथे इतकी वर्षं गाणं शिकवणारे म्हातारे मेस्त काळ्या कोटात उभं राहून ताल देत, तिथे या खेपेस आसुंता. गुडघे गेले तेव्हा मेस्तांनीच तिचं नाव सांगितलं होतं. बाईमाणूस त्या जागी आजवर उभं राहिलं नव्हतं.

तिची नणंद क्लोतिल पंख्याखाली बसली होती, मांडीवर पर्स ठेवून. खालच्या सुरात गाणाऱ्या बायका क्लोतिलचं ऐकत. बाकी कोणाचं ऐकत नसत.

दुसरा फ्रॉक केशरी फुलांचा निघाला. झुळझुळीत, कोपरापर्यंत घोळदार बाह्या. पडदा सरला तशी क्लोतिल उठूनच उभी राहिली.

"हाच घे! दंड झाकले, पोट झाकलं, वय झाकलं."

"आत माणूस उरलंय ना?" बेर्ता म्हणाली.

आसुंतानं आरशासमोर ताल धरला. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. हात थांबला. बाही थांबली नाही. ती आणखी एक झोका घेऊन आली.

"बघितलंस? माझा हात थांबतो आणि बाही गात राहते. तुझ्या बायका तिच्याच मागून जातील."

"माझ्या बायका कोणाच्या तरी मागून जातात का, ते आधी बघ."

आसुंतानं आरशातूनच नणंदेकडे पाहिलं.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणतात, हिनं हात वर केला आणि कोणी तोंडच उघडलं नाही तर? भर फेस्तात? मेस्तांकडे बघितलं की धाक वाटायचा. तुझ्याकडे बघितलं की आम्हाला तुझ्या हातचं झणझणीत सोरपोतेल आठवतं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी नणंद. मी काय म्हणणार?"

"नणंदा काही म्हणत नाहीत, हे मडगावात आजच कळलं," बेर्ता दांडीवरचे कपडे सारखे करत पुटपुटली.

आसुंता रागावली नाही. नदीत उतरावं तशी ती त्या लटकत्या रंगांत शिरली, हातानं एकेक बाजूला सारत, आणि तळाशी काही सापडल्यासारखी एक निळा फ्रॉक घेऊन वर आली. सुती, गडद निळा. ना फूल, ना वेल, ना झालर. बाह्याही नाहीत.

पडदा पुन्हा सरला तेव्हा तिचे दंड उघडे होते. भरलेले, जरा सैल पडलेले, डाव्यावर देवी टोचल्याचा जुना वण.

"सायबा!" क्लोतिलनं कपाळाला हात लावला. "साठीला आलीस, आसुंता! दंड हलतात तुझे."

"हलू देत. तालातच हलतील."

"मेस्त जन्मभर कोटात उभे राहिले. ऐन उन्हाळ्यातसुद्धा."

"म्हणूनच शेवटच्या कडव्याला घाम डोळ्यांत जायचा त्यांच्या. ते डोळे चोळत बसायचे आणि तुम्ही वाट फुटेल तिकडे पळत सुटायचात."

बेर्ता खो खो हसली. क्लोतिललाही हसू आलं. ते तिनं पर्सच्या बंदाशी चाळा करत गिळलं.

"बेर्ता, तू मागे उभी राहा," आसुंता म्हणाली. "पाठ बघ. लोकांना पाठच दिसणार."

बेर्तानं खांद्यावरून हात फिरवला. "सरळ आहे. एक चुणी नाही. घेरही वर चढत नाही."

"क्लोतिल, तू समोर ये. समोरची बाजू तुमची. खरं सांग, हात नीट दिसतात का?"

"न दिसायला काय झालं? आंधळ्यालाही दिसतील एवढे..."

"नणंदेसारखं नको बघूस. गाणारणीसारखं बघ."

क्लोतिल कुरकुरत समोर आली, पर्स पोटाशी धरून. आसुंतानं सपाता काढल्या आणि गार लादीवर पाय रोवले. मग तिचे हात उठले. निळ्यावरून वर येताना ते तिचे एकटीचे हात वाटेनात. उजवा तालाचा, डावा मायेचा. खांद्याच्या उंचीवर येऊन ते थांबले. दंड जरासे हलले आणि निवले.

गल्लीतून एक स्कूटर गेली. आसुंताची नजर ढळली नाही.

"मग?" हात तसेच ठेवून तिनं हलकेच विचारलं. "हा घेऊ ना?"

ओठ उघडे ठेवून, पार पोटापासून क्लोतिलनं श्वास भरून घेतला होता, आणि तो सुरात सोडायला ती त्या हातांची वाट बघत होती.