ट्रंकेवरची मांजर

डॉक्टरबाईंनी ड्रॉपरमधून पाण्याचा एक थेंब मुलीच्या नखावर सोडला. थेंब तिथंच बसला. नख मधोमध चमच्यासारखं खोलगट झालं होतं. मग त्यांनी दुसरा थेंब स्वतःच्या नखावर टाकला. तो लगेच ओघळून गेला.

"आठ महिने लोहाच्या गोळ्या," त्या म्हणाल्या, "आणि रक्त होतं तिथंच."

"एकही चुकवलेली नाही," मुलीची आई म्हणाली.

"गोळ्या पोटात जातात, रक्तात जात नाहीत. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. लोह, जस्त, फॉलिक अ‍ॅसिड, सगळं तिच्यातूनच आत जातं. हिची लव गव्हाने झडलीय. गहू पूर्ण थांबला की ती परत उगवते, लहान मुलांची तर छान उगवते. पण नवा रिपोर्ट सांगतो, गहू अजून पोटात जातोय. म्हणून म्हटलं, घरच बघावं."

घर बेकरीच्या वर होतं. दोन खोल्या, जमीन लाकडी फळ्यांची. आईने फडताळ उघडून दाखवलं: वेगळे डबे, वेगळी पातेली, तांदळाचं पीठसुद्धा घरी दळलेलं. बेकरीवाला दाराशी उभा होता. नुकताच न्हालेला, केस ओले.

"खाली अंघोळ करून, कपडे बदलूनच वर येतो मी. चपलासुद्धा खाली," तो म्हणाला. "बेकरीवाल्याची पोर, पण आठ महिन्यांत पावाचा तुकडा तोंडात घातला नाही तिने. माणसाने आणखी करायचं तरी काय?"

"दादाच्या घराचा वरचा मजला रिकामा पडलाय," बायको डबे परत लावत म्हणाली.

"झालं सुरू! मेहुण्याच्या घरी बिऱ्हाड थाटू? गल्लीभर घरजावई म्हणतील मला. पुढच्या महिन्यात बघू म्हटलंय ना?"

"कुठल्या वर्षीचा पुढचा महिना?"

डॉक्टरबाईंनी फडताळाचं दार लावलं. "ही झोपते कुठं?"

मुलीनेच त्यांना हाताला धरून आत नेलं. खाटेच्या उशाशी पत्र्याची काळी ट्रंक होती. तिच्या झाकणावर बोटाने मांजर काढलेली होती, अगदी मिशांसकट.

"ही आजची," मुलगी म्हणाली. "काल हत्ती होता. आई रोज पुसते, पण झोपेपर्यंत परत नवं पान तयार असतं!"

"धूळ बसते हो," आई घाईने म्हणाली. "रस्त्यावरचं घर."

बेकरीवाला खाली वाकला. त्याने झाकणावर बोट फिरवलं आणि अंगठ्याशी चोळलं. बावीस वर्षं तो पोत्यातला माल असाच पारखत आला होता, डोळे मिटून. आत्ताही त्याचे डोळे मिटले. खाली कणीक मळायचं यंत्र सुरू झालं. खिडकीची काच थरथरली आणि फळ्यांच्या फटींतून काहीतरी बारीक उन्हात वर चढू लागलं.

"धूळ नाही," तो म्हणाला. "मैदा. दुसऱ्या चाळणीचा."

"श्वासाबरोबर घशात," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या, "आणि घशातून पोटात. रात्रभर."

तो बोटांकडे बघत राहिला. "आणि मी चपला खाली काढतोय."

मुलगी मांजरीला शेपूट काढायला वाकली, तसं त्याने तिला खांद्याला धरून ट्रंकेपासून दूर घेतलं, जवळ धरूनच ठेवलं. मग बायकोकडे हात पुढे केला. तिने न विचारता फोन दिला.

मेहुण्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "अहो जावईबापू! आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

"दादा, वरच्या मजल्याची किल्ली आहे ना जाग्यावर?"

"आहे की. येताय? या, या. किती दिवस मुक्काम?"

ट्रंक पुसायला उचललेलं फडकं बायकोच्या हातातच थांबलं.

"राहायला येतोय, दादा," तो म्हणाला. "आम्ही तिघंही. आजच."