ताईंची फिल्म

स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा पाहून ताई एडिटिंग रूमच्या दारातच थबकल्या. फोटोला काळी किनार होती आणि खाली ओळ होती, ‘आमची निर्भीड सहकारी’.

“दादा, हे काय चाललंय?”

एडिटरदादांनी घाईघाईने स्क्रीन बंद केली. “साहेबांचं काम आहे. मला काही विचारू नका, ताई.”

पण दारातूनच ताईंनी सगळी फिल्म पाहिली होती. कंबरभर पाण्यात उभं राहून दिलेली पहिली बातमी, मंत्र्याला घाम फोडणारा तो प्रश्न, मग लेक झाल्यावर माईक सोडून धरलेली प्रोड्यूसरची खुर्ची. सगळी कारकीर्द दीड मिनिटात बसवली होती.

मोठ्या माणसांच्या अशा श्रद्धांजलीच्या फिल्म चॅनेलवर आधीच तयार असतात. ताईंनीच ढीगभर करवून घेतल्या होत्या. पण त्या ऐंशी ओलांडलेल्यांच्या, नाहीतर आयसीयूत असलेल्यांच्या. ताई तर आज सकाळी लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून आल्या होत्या.

मग त्यांना ती तपासणी आठवली. ऑफिसनेच करायला लावलेली. रिपोर्ट आणायला नवरा एकटा गेला, ‘सगळं नॉर्मल’ म्हणाला आणि विषय बदलला. शिवाय गेले दोन दिवस साहेब त्यांच्यावर एकदाही ओरडले नव्हते. साहेब आणि गोड बोलणं! ताईंनी नवऱ्याला फोन लावला.

“माझ्यापासून काय लपवतोयस?”

“साहेब बोलले वाटतं? ‘संध्याकाळी मीच सांगेन तिला’ म्हणाले होते.”

“म्हणजे तुला माहीत होतं!”

“अगं, मलाही जड जातंय. पण तू खंबीर आहेस.”

ताईंनी फोन ठेवला. डोकं भणभणत होतं. कुठे दुखत नाही, खुपत नाही, आणि आपण चाललो? दरवर्षी त्या साहेबांकडे पुन्हा रिपोर्टिंग मागायच्या आणि साहेब ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे. आता पुढचं वर्षच नव्हतं. त्यांना रडू फुटलं. माईक नको, काही नको, फक्त लेक हवी होती.

डोळे पुसून त्या तडक केबिनमध्ये शिरल्या.

“साहेब, मी नोकरी सोडतेय. रिपोर्टिंगचा हट्टही सोडला. उरलेले दिवस मला लेकीजवळ काढायचेत.”

“कसले उरलेले दिवस?” साहेब बघतच राहिले. “धडधाकट आहेस तू. म्हणून तर तुला निवडलं.”

त्यांनी खुर्चीमागून लोखंडी टोप आणि जाड जाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“युद्धावर जाणाऱ्या रिपोर्टरची फिल्म आम्ही गुपचूप करून ठेवतो. तो परत आला की दादा पुसून टाकतात. आता तुझ्याऐवजी कोणाची करायची, तेवढं सांगून जा.”