रडणाऱ्या बिरोबाची ओवी

“आप्पासो आलाय,” रंगुबाईनं आत येऊन लेकाला सांगितलं, तसा सिद्धूनं हातातला घास ताटात टाकला.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मेंढरं विकून पांगलेल्या धनगरांना गोळा करायचं आप्पासोनं मनावर घेतलं होतं. आटपाडीपासून जतपर्यंत त्यानं सायकलवरून वस्ती न् वस्ती पालथी घातली. कुठला ढोल, कुठला गजीचा नाच, कुठली ओवी, सगळं हुडकून काढलं. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं आता एका मांडवात गाणार होती. सांगलीत, कृष्णेच्या घाटावर, शहरातल्या लोकांपुढं.

गळा सिद्धूचा, ढोल सिद्धूचा. आप्पासोचा आवाज फुटक्या मडक्यासारखा. तरी जो तो आप्पासोचंच नाव घेई. रंगुबाईनंसुद्धा लेकाला कोरा चहा दिला आणि पाव्हण्याला दुधाचा. सिद्धूनं आपला चहा तसाच बाजूला सारला.

“सिद्धू, तू पुढं हुबा ऱ्हा गड्या,” आप्पासो म्हणाला. “तुज्याबिगर मेळ पुरा व्हायचा न्हाई.”

“मला न्हाई जमत.”

“मग तुमच्याकडची एक जुनी ओवी तरी दे. म्या म्हनतो.”

सिद्धूनं बाजूला सारलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, “परवा माळावर ये. हाय एक. लय जुनी. पर माजं नाव घ्याचं न्हाई.”

दोन दिवस मेंढरांमागं फिरता फिरता त्यानं ओवी जुळवली. मुद्दामच एक खोट घातली तिच्यात. बिरोबा रडतो म्हणून. देवाला रडवणारी ओवी कुणी ऐकली होती? सगळ्या म्हाताऱ्यांच्या देखत आप्पासोचं हसं होणार, या विचारानं त्याला गोड झोप लागली.

आप्पासोनं ती डोळे मिटून, पोरासारखी घोकून पाठ केली. जाताना सिद्धूच्या पाया पडला.

महिन्यानं घाटावर माणूस मावत नव्हतं. सिद्धू आईला घेऊन पुढंच बसला होता. पलीकडं धुळा होता. ओवीत शब्द चुकला तर भर मांडवात शिव्या घालणारा म्हातारा. ढोल थांबले. आप्पासोनं कानावर हात ठेवला.

माणगंगा आटली, वाळू तापली उनानं,
मेलं कोकरू घेऊनी बिरोबा रडं हुंदक्यानं.

म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या. धुळा काठी टेकत उठला. सिद्धू हसू दाबून पुढं सरकला.

धुळानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मग जतकडचा एक ढोल वाजला, त्यात आटपाडीचा मिसळला, आणि बघता बघता सगळे ढोल एका ठेक्यावर आले. ज्यांच्यात साधा रामराम उरला नव्हता, ती माणसं गळ्यात हात घालून तीच ओवी घोळवू लागली. धुळानं आप्पासोला छातीशी धरलं.

सिद्धूला राहवेना. तो ताडकन उभा राहिला.

“आरं, ही जुनी न्हाई! ही म्या रचलीया, म्या!”

आधी कुणाला कळलं नाही. मग एकजण हसला, आणि सगळा मांडव हसला. ज्या हसण्याची त्यानं महिनाभर वाट बघितली होती, ते त्याच्याच अंगावर आलं.

“दुसऱ्याचं कवतिक बघवंना व्हय रं?” धुळा म्हणाला.

“बिरोबाची आन! म्याच रचलीया!”

रंगुबाईनं त्याचं धोतर धरून त्याला खाली ओढलं. तिचा चेहरा रडून ओला झाला होता.

“खोटी आन घिऊ नगंस, लेकरा. तू रांगत व्हतास, तवा तुजा बा तुला मांडीवर घिऊन हीच म्हनायचा.”

आणि सिद्धूनं न रचलेली, आप्पासोला कधी न शिकवलेली पुढची ओळ म्हातारीनं उचलली.