आधी रेघ

"तो म्हणतोय, पाकीट अजून या देशात आलंच नाही," ताईने सांगितलं.

काचेपलीकडचा टपाल कारकून मात्र बराच वेळ बोलला होता. एवढ्या लांबलचक बोलण्याचं इतकंसं मराठी कसं झालं, हे धाकटीला कळेना. पण विचारणार कुणाला? कारकुनाला मराठी येत नव्हतं, तिला त्याच्या भाषेतले पंचवीस-तीस शब्द येत होते, आणि मध्ये तिची सख्खी बहीण होती. ताई मध्ये असली की कुणाचं काही अडायचं नाही.

"त्याला म्हणावं, नीट बघ. दादाने पाठवून सात आठवडे झालेत."

"किती वेळा सांगू गं? टपाल आहे, होतं गहाळ कधी कधी." ताईने तिच्या कोपराला धरलं. "चल आता. शेजारीण जुळ्यांना फार वेळ नाही सांभाळायची."

धाकटी हलली नाही. त्या पाकिटात तिची नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं होती. परवापर्यंत ती दाखवली तर इस्पितळात नोकरी होती, राहायला खोली होती. नाही दाखवली तर ती जागा दुसरीला, आणि तिचा मुक्काम गेल्या आठ महिन्यांसारखाच, ताईच्या जुळ्यांच्या दोन पाळण्यांमध्ये, जमिनीवर.

तिने पाकिटाच्या नंबराची चिठ्ठी पुन्हा काचेखालून सरकवली. तेरा आकडे-अक्षरं, तिला पाढ्यासारखी पाठ झालेली.

कारकुनाने सुस्कारा सोडला. स्क्रीन तिच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे तारीख होती, गेल्या महिन्याची एकोणीस. शेजारच्या चौकटीत एक सही होती. ताई उभी होती तिथून स्क्रीन दिसत नव्हता.

सही मराठीत होती. नाव धाकटीचं होतं.

एकोणीस तारखेला ती जुळ्यांना लस टोचायला घेऊन गेली होती. डोकं दुखतंय म्हणून ताई घरी राहिली होती.

सहीची वरची रेघ शेवटच्या अक्षराच्याही पुढे गेली होती आणि अक्षरं तिच्याखाली दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबत होती. बाकी सगळे अक्षरं लिहून मग वर रेघ देतात. ताई आधी रेघ ओढायची. शाळेत बाईंनी बोटांवर पट्ट्या मारल्या, तरी सवय सुटली नाही. "आधी रेघ, मग अक्षरं. म्हणजे ओळ वाकडी होत नाही," असं उलट बाईंनाच ऐकवून आली होती.

मान वळवायची धाकटीची हिंमत होईना. कोपरावरचा हात तिथेच होता. याच हाताला धरून ती पहिल्यांदा शाळेत गेली होती. आता तो तिला नकोसा झाला होता, आणि तो सुटला तर आज झोपायचं कुठे, हेही तिला माहीत नव्हतं. घराची किल्ली ताईकडे. पासपोर्ट ताईच्या कपाटात, "तू वेंधळी, हरवशील" म्हणून.

कारकुनाने काहीतरी विचारलं. त्यातले दोन शब्द तिला कळले. सही. तुमची?

"काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"काही नाही, तक्रार नोंदवायची तर सही कर म्हणतोय. कर आणि चल."

कारकुनाने सहीचं पॅड पुढे सरकवलं. स्क्रीनवरची चौकट दाखवली, मग पॅड दाखवलं. ही आणि ती जुळायला हवी. मग टेबलावरच्या फोनवर हात ठेवून तो एक शब्द बोलला, पोलीस. तो शब्द सगळीकडे सारखाच असतो. ताईने त्याचं मराठी केलं नाही.

धाकटीने पेन उचललं. तिची नेहमीची सही केली तर जुळणार नव्हती. कारकून फोन लावणार, ताईला घेऊन जाणार, आणि जुळी शेजारणीच्या दारात वाट बघत बसणार. तिला ताईची भीती वाटत होती, तेवढीच ताईसाठीही वाटत होती.

तिने आधी रेघ ओढली. पॅडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि थांबली.

कोपरावरचा हात गळून पडला.

ताईने ती रेघ बघितली. "फोडलेलंसुद्धा नाही गं मी पाकीट," ती पुटपुटली. "तू गेलीस तर माझं कसं होणार होतं, तूच सांग. घरी चल. देते."

कारकून वाट बघत होता. धाकटीने पेन खाली ठेवलं नाही.

"घेऊन ये," ती म्हणाली. "माझा पासपोर्टही आण. मी इथेच थांबते."

"अगं, आणि ही सही? तो फोन लावेल!"

"आधी पाकीट, ताई. मग अक्षरं."