चपलांजवळचा पाना

खंडेनवमीच्या पूजेत बाबांनी दादाची लॅमिनेट केलेली डिग्री पाटावर उभी केली आणि माझा तेलकट पाना उचलून चपलांजवळ नेऊन ठेवला.

"आज हत्यारं पूजतात, बाबा. डिग्री कसलं हत्यार?" मी म्हणाले.

"इंजिनियर आहे तो. तू कारखान्यातली ॲप्रेंटिस, म्हणजे साहेबांसाठी झाडू मारणारी!"

हा इंजिनियर पास झाल्यापासून घरी बसून टीव्हीचा रिमोट तेवढा चालवत होता. मी मशीन उघडायला शिकत होते, वर स्टायपेंड मिळत होता, आणि परीक्षा दिली की सरकारी प्रमाणपत्रही मिळणार होतं. पण हात काळे झाले की बाबांच्या लेखी माणूस वाया गेला.

त्यांनी डिग्रीला ओलं कुंकू लावलं. गुळगुळीत प्लास्टिकवर ते थांबेना. ओघळ थेट दादाच्या नावावरून खाली आला. बाबा पुसत राहिले.

दादा उठला. चपलांजवळचा पाना आणून त्यानं पाटावर ठेवला.

"तुमच्याकडे इंजिनियरलाही ॲप्रेंटिस म्हणून घेतात का गं?"

"घेतात की," मी बाबांकडे बघत म्हणाले. "पण आधी झाडू मारावा लागतो."